नऊ वाजून वीस मिनिटं

एक्सरेबाईंच्या नाकावर राग असतो, हे आमच्या रुग्णालयात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. मी नोंदणीच्या खिडकीत बसायचो आणि त्यांची खोली बरोबर समोर, त्यामुळे तो राग मी बारा वर्षं अगदी जवळून पाहिला. रुग्णावर तो कधी निघाला नाही. म्हातारं माणूस टेबलावर चढताना कण्हलं की बाईंचा आवाज असा मऊ व्हायचा की ओळखू येऊ नये. राग निघायचा तो हलगर्जीपणावर. एखाद्या डॉक्टरनं चिठ्ठीवर नुसतं ‘हात’ लिहून पाठवलं, की बाई लाल शाईनं खाली लिहायच्या, ‘कुठला? माणसाला दोन असतात’, आणि चिठ्ठी आल्या पावली परत.

घरी त्या आणि त्यांचा नवरा, दोघंच. मुलगी शिकायला परगावी गेली होती. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुकीवर ब्रेक दाबून दाबून त्या माणसाचा स्वभाव थंडगार झाला होता, म्हणून संसार टिकला, असं बाई स्वतःच सांगायच्या. मुलगी जाताना जुना संगणक ठेवून गेली आणि त्यावर बाईंना फोटोंचा नाद लागला. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हात पटकन बसला. फोटोतला माणूस कडेनं अलगद कापून काढायचा आणि दुसऱ्याच चित्रात असा बसवायचा की सावलीसुद्धा खोटी वाटू नये, हे त्यांना असं जमायचं की बघणारा बघत राहायचा.

त्यांचा अकरा हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. तो काढला होता चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी. सगळे त्यांना सर म्हणत. दर शुक्रवारी सर एक फोटो टाकायचे आणि एक शब्द द्यायचे. सोमवार संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं त्या फोटोचं आपल्या मनानं काहीतरी करायचं, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकायचा, मग मतं. बक्षीस काही नाही, चढाओढ मैत्रीतली. सरांनी ग्रुपच्या माथ्यावर लिहूनच ठेवलं होतं, ‘इथं कुणी हरत नाही.’ एकदा छत्री उलटी झालेला म्हातारा आला होता. बाईंनी त्याला छत्रीसकट पॅराशूटनं उतरवला. मला दाखवला तेव्हा मी खिडकीत एकटाच हसत होतो आणि रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती.

त्या शुक्रवारचा शब्द होता ‘आराम’. फोटोत बसच्या थांब्यावरच्या बाकावर एक बाई झोपलेली. अंगात सफाईवाल्यांचा निळा एप्रन, पायांत रबरी बूट, डोळ्यांवर उन्हासाठी रुमाल टाकलेला, तोंड उघडं, मान एका खांद्यावर पडलेली. मागं काच, आणि काचेत एक मोठं घड्याळ. बाकी काही नाही. असे निळे एप्रन शहरात शेकड्यांनी, आणि असे थांबे दर कोपऱ्यावर.

कुणी तिला चंद्रावर झोपवलं, कुणी मगरीच्या पाठीवर. बाईंनी शनिवार-रविवार खर्ची घातला. त्यांनी बाकाचा पलंग केला, महालातला, खांबांचा. एप्रनवर जरीची शाल चढवली, बूट तसेच ठेवले, दोन दासी पंखा हलवताहेत, आणि ते घड्याळ त्यांना एवढं आवडलं की महालाच्या भिंतीवर जसंच्या तसं लावलं. वर अक्षरं, ‘राणीसाहेब कामावर आहेत.’ नुसती त्या बाईच्या केसांची कड कापायला दोन तास लागले, असं त्यांनी मला सोमवारी कौतुकानं सांगितलं. अकरापैकी नऊ मतं त्यांना पडली.

तो फोटो ग्रुपमध्ये राहिला नाही. असले फोटो राहत नाहीत. बुधवारपर्यंत तो आधी-नंतरच्या जोडीसकट माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही तो चौघांना पुढं पाठवला होता.

पुढच्या सोमवारी बाईंच्या खोलीत फरशी पुसायला भलतीच बाई आली. तिनं यंत्राच्या वायरीवरून ओला पोचा फिरवला आणि बाई कडाडल्या. नेहमीच्या मावशी कुठे, असं विचारायला त्या माझ्या खिडकीपाशी आल्या. मी सांगितलं की मावशींना काढलं. कामाच्या वेळेत बसथांब्यावर जाऊन झोपल्या, फोटोत सापडल्या, सफाईच्या मुकादमानं शुक्रवारीच त्यांचा एप्रन काढून घेतला. थांबा आपल्याच फाटकासमोरचा. आणि मी फोन पुढं केला.

बाईंनी फोटो पाहिला. स्वतःचाच फोटो, पलंग, दासी, शाल. मग डाव्या बाजूचा, आधीचा. तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. रुमालाखाली हनुवटी होती आणि हनुवटीवर भाजल्याचा एक लहानसा डाग. त्या डागावरून बाईंनी दोन दिवस हात फिरवला होता. मावशी आठ वर्षं रोज त्यांची खोली पुसत होत्या.

मला वाटलं आता माझ्यावर स्फोट होईल. झाला नाही. बाईंनी फोन खिडकीच्या फळीवर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “आठ वर्षं मी तिला ‘पाय उचलते हं’ एवढंच म्हणत आले. तोंडाकडे बघितलं असतं तर ओळखलं असतं की नाही?” रांगेतल्या पुढच्या माणसाला बाजूला सारून त्या तडक जिन्यानं खाली गेल्या.

मुकादमाची खोली तळघरात, बादल्या आणि फिनेलच्या डब्यांमध्ये. तो ठेकेदाराचा माणूस होता, गोड बोलून काटा काढणारा. मावशी त्याला आधीपासून नको होत्या. बदलीची बाई का पाठवली नाही, असं तोंडावर विचारण्याची त्यांना सवय होती. मी बाईंच्या मागोमाग गेलो, कारण त्या वेळी त्यांना एकटं सोडणं बरं दिसत नव्हतं.

मुकादमानं शांतपणे फोनमधला फोटो दाखवला. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झालेली. मावशींची पाळी सहा ते दोन. सही करायची, मधेच सटकायचं आणि दुपारी परत सही करायला यायचं, ही यांची युक्ती, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं. “हे काचेतलं आहे,” त्या म्हणाल्या.

आमच्या फाटकावरच्या घड्याळावर आकडे नाहीत, बारा सारख्या रेघा आहेत. ते रस्त्यापलीकडच्या थांब्याच्या काचेत उलटं दिसतं. डाव्याचं उजवं होतं. नऊ वीस दिसतात तेव्हा खरे दोन चाळीस झालेले असतात. हे मला समजायला कागद-पेन्सिल लागली. बाईंना क्षणही लागला नाही, कारण डाव्या-उजव्यावरच त्यांचं पोट होतं. प्रत्येक एक्सरेवर त्या डावं की उजवं सांगणारं शिशाचं अक्षर ठेवायच्या, कारण फिल्म उलटी धरली की माणसाचं काळीज उजवीकडे जातं. दोन चाळीस म्हणजे पाळी संपून चाळीस मिनिटं झालेली. मावशी बसची वाट बघत झोपल्या होत्या. यात गुन्हा कुठला?

त्यांनी आपल्या फोनवर तिथल्या तिथं फोटो उलटा करून त्याच्यापुढं धरला. मुकादमानं तो नीट पाहिला आणि हसला.

“बाई, तुम्ही बाकाचा पलंग केलात. घड्याळाचे काटे फिरवायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार?”

बाईंनी फोन खाली घेतला. बारा वर्षांत त्यांना माघार घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. तो पुढं म्हणाला की मावशी रोज नऊ वाजता तुमचीच खोली पुसतात ना, मग लिहून द्या की त्या दिवशी नऊ वाजता आल्या होत्या. बाईंनी विचारलं, कुठल्या दिवशी? ते तर कुणालाच माहीत नव्हतं, आणि ग्रुपवरून फिरलेल्या फोटोत तारीख-वेळ राहत नाही. शिवाय कुठलाही दिवस घेतला तरी त्या दिवशी मावशी आल्या होत्या का, हे बाईंना छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. फरशी ओली होती एवढं आठवलं असतं. माणूस आठवत नव्हता.

वर येताना त्या जिन्यात थांबल्या आणि भिंतीवर मूठ आपटली. हाताला लागलं, पण त्यांना त्याचंही भान नव्हतं.

त्याच संध्याकाळी नवऱ्यानं त्यांना सरांच्या घरी नेलं. पुढचं मला बाईंनीच सांगितलं. सरांचं घर नीटनेटकं, भिंतींवर त्यांनी काढलेले फोटो चौकटीत लावलेले. बहुतेक सगळे अनोळखी माणसांचे, पाठमोरी, वाकलेली, ओझं वाहणारी. सरांनी चहा मागवला. बाईंनी सगळं सांगून मूळ फोटो मागितला, कॅमेऱ्यातला, न कापलेला. त्यात तारीख असेल, वेळ असेल. सरांचा चेहरा उतरला. आपण ग्रुपमधून फोटो काढून टाकू, त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, तो आता गावभर झालाय, तुमच्या ग्रुपमधून काढून काय होणार? मग सर म्हणाले की मूळ फोटो आता सापडायचा नाही. मग म्हणाले, सापडला तरी त्यांना असल्या कटकटीत पडायचं नाही, या वयात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे नाहीत.

“आणि दोष माझा एकट्याचा कसा?” सर म्हणाले. “मी फक्त फोटो काढला. राणी तुम्ही केलीत.”

“हो, मीच केली,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर तुमच्या दारात आलेय. नाहीतर आज तुमच्या घरी चहा पीत बसले असते आणि तुम्ही माझं कौतुक केलं असतं.”

चहा तसाच ठेवून त्या उठल्या. गाडीत नवऱ्यानं इतकंच सुचवलं की आता मावशींना भेटलं पाहिजे. बाईंना तेच नको होतं. मुकादमावर ओरडणं सोपं, सरांवर ओरडणं सोपं. मावशींसमोर कुणावर ओरडणार?

मावशी राहायच्या एका लांब चाळवजा इमारतीत, मधल्या मजल्यावर, मुलगा-सुनेबरोबर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई एकट्याच गेल्या. मावशी गॅलरीत कपडे पिळत होत्या. त्यांनी बाईंना आत या म्हटलं नाही. बाईंनी उभ्या उभ्या माफी मागायला सुरुवात केली, तर मावशींनी हातातलं पातळ आणखी एकदा पिळलं, थेंबही उरला नव्हता तरी.

मग मावशींनी त्या दिवसाचं सांगितलं. बदलीची बाई आली नव्हती म्हणून शस्त्रक्रियेची खोली त्यांनी दोनदा धुतली, वरचे दोन मजले एकटीनं केले. सुटल्यावर बस डोळ्यांसमोरून गेली. पुढची यायला तास होता. बसल्या आणि डोळा लागला, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर. परवा सुनेच्या माहेरच्यांनी तो फोटो पाहिला होता. नातू आजीला ‘राणीसाहेब’ म्हणायला लागला होता आणि त्याला मारही देता येत नव्हता, कारण तो लाडानं म्हणत होता.

“काम गेलं त्याचं मी बघेन, मला हात आहेत,” मावशी म्हणाल्या. “पण बाई, झोपलेल्या माणसाला आपण आपल्या घरातसुद्धा टक लावून बघत नाही. तुम्ही सगळ्यांनी किती दिवस बघितलंत?”

बाईंनी खरं उत्तर दिलं. दोन दिवस, म्हणाल्या. आणि मग मूळ फोटोचं सांगितलं, सर देत नाहीत हेही.

मावशींनी पातळ दोरीवर टाकलं, चपला घातल्या आणि म्हणाल्या, चला.

सरांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी मावशींना ओळखलं नाही. बाईंना त्याचा इतका संताप आला की त्या बोलायला जाणार होत्या, पण मावशींनी त्यांच्या दंडाला धरून मागं सारलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मान एका खांद्यावर टाकली, डोळे मिटले, तोंड उघडलं. जिन्यात वर-खाली जाणारी माणसं थांबली. सरांच्या पत्नी आतून बाहेर आल्या. मावशी तशाच उभ्या राहिल्या, मग डोळे उघडून म्हणाल्या, “आता ओळखलंत? तो फोटो माझा आहे. माझा मला द्या.”

सर पुटपुटले की फोटो काढणाऱ्याचा असतो. त्यावर त्यांच्या पत्नींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य अर्धंच राहिलं. त्या आत गेल्या, कॅमेरा घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. “शोधा,” म्हणाल्या. “मी इथेच उभी आहे.”

शोधायला चार मिनिटंही लागली नाहीत. अख्ख्या फोटोत काच पूर्ण होती. घड्याळाखाली आमच्या रुग्णालयाचं नाव, मोठमोठ्या अक्षरांत, उलटं. खाली तारीख, वेळ दोन चाळीस. आणि काचेत डाव्या कोपऱ्यात एक माणूस, गुडघे वाकवून, पोटावर पिशवी, डोळ्याला कॅमेरा. सर स्वतःच. झोपलेल्या बाईपासून चार पावलांवर चोरासारखे वाकलेले. त्यांनी फोटो कापला होता तो स्वतःला काढून टाकण्यासाठी. तेवढ्यासाठी देत नव्हते.

गुरुवारी रुग्णालयाच्या कार्यालयात सुनावणी झाली. सर आले, पण पत्नीच्या मागून. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि फोटो मी काढला, विचारलं नव्हतं, असं खालच्या आवाजात सांगितलं. मुकादमानं कॅमेऱ्यातली वेळही खोटी लावता येते, असं म्हणून पाहिलं. तेव्हा अधिकाऱ्यांनी उलट्या अक्षरांवर बोट ठेवून त्याला विचारलं की आमच्या रुग्णालयाचं नाव असं कुठं लिहिलंय ते दाखव. मग बदलीच्या बाईची गोष्ट निघाली, वही मागवली गेली, आणि त्या दिवशी बदलीची बाई न पाठवताच तिची हजेरी लावल्याचं उघड झालं. मुकादमाची बदली दुसऱ्या ठिकाणी झाली. हाकलला नाही. मावशींना परत घेतलं.

बाईंनी मावशींचं अभिनंदन करायला हात पुढं केला. मावशींनी तो घेतला नाही. भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्यांनी फक्त एवढं मागून घेतलं की आपल्याला एक्सरेच्या खोलीचं काम नको. त्या आता तिसऱ्या मजल्यावर असतात. बाईंच्या खोलीत ती वायरीवरून पोचा फिरवणारीच येते. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला खुर्चीवर बसवून तिचं नाव, गाव, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं. ती बिचारी घाबरून गेली, तिला वाटलं आपलीही चौकशी लागली.

बाईंनी ग्रुप सोडला. सोडताना बाकीच्या दहा जणांना एक लांबलचक मजकूर लिहिला आणि त्यात पहिलं नाव स्वतःचं घातलं. दोघांनी माफी मागितली. एकानं लिहिलं की गमतीत एवढं मनाला लावून घेऊ नये. सरांनी काही लिहिलं नाही, पण ग्रुपच्या माथ्यावरचं वाक्य पुसून टाकलं, असं नंतर कळलं. बाईंचा सरांवरचा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा तर नाहीच. मी एकदा म्हटलं की झालं ते झालं, निस्तरलंत ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घालून पावत्या लावत बसलो. मी चौघांना पाठवला होता, हे मी त्यांना त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यांनी त्या चौघांची नावं विचारली आणि माझ्यासमोर बसून माझ्याकडून चौघांना फोन करवले. चौघांनी पुढं कुणाला पाठवला, ते विचारायला लावलं. यादी एकोणीसवर गेली तेव्हा ती थांबवावी लागली, कारण पुढची माणसं ओळखीची नव्हती.

फोटो अजून फिरतो. गेल्या महिन्यात तो बाईंच्या नवऱ्याकडे आला, गाडी शिकणाऱ्या कुणा माणसाकडून, वर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं. बाईंनी नंबर घेतला, खोलीबाहेर आल्या आणि माझ्या खिडकीपाशी उभ्या राहून त्या माणसाला फोन लावला. तो कोण, कुठला, बाईंना काही माहीत नाही. त्यांनी त्याला पंधरा मिनिटं झापलं. ती बाई किती वाजता उठली होती, किती मजले पुसले होते, बस कशी चुकली, सगळं सांगितलं. मावशींचं नाव तेवढं सांगितलं नाही. पलीकडून तो माणूस बहुधा म्हणाला असावा की मला काय माहीत, मी थोडाच तो बनवलाय, कारण बाई एकदम थांबल्या.

“मी बनवलाय,” त्या म्हणाल्या. “मीच बोलतेय. पुसून टाका.”

फोन ठेवून त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि लाल पेन मागितलं.